पत्र्याखालचा पंखा

वडील काविळीने गेले तेव्हा मी सातवीत होते. तेरावं उरकलं आणि वडिलांच्या थोरल्या भावाने, आमच्या नानांनी, मला आणि मायला मागच्या खोलीत हलवलं. पुढचं घर स्लॅबचं होतं, वडिलांनी आणि नानांनी मिळून बांधलेलं. मागची खोली पत्र्याची. तिच्यात कडबा आणि सरकीची ढेप ठेवत. आम्ही झाडून, सारवून घेतली तरी ढेपेचा वास गेला नाही. पुढे कितीतरी वर्षं तो माझ्या वह्यांना येत होता.

"दोघीच तर शेतस. कितीक जागा लागस?" मोठीमाय म्हणाली. मोठीमाय म्हणजे नानांची बायको.

माय नानांशी कधीच बोलत नसे. जेठासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, डोक्यावरचा पदर खाली यायचा नाही आणि तोंडातून शब्द निघायचा नाही, अशीच आमच्याकडची रीत. नानांना काही सांगायचं असलं की ती मला पुढे करायची किंवा मोठीमायच्या कानावर घालायची. मोठीमायला वाटलं तर ते नानांपर्यंत जायचं. बहुतेक वेळा जायचं नाही.

चाळीसगाव तालुक्यातलं आमचं गाव. एप्रिल लागला की सकाळी दहाच्या आत पत्रा तडतड वाजायला लागे. लोखंड फुगतं तेव्हाचा तो आवाज. दुपारी पाण्याचा हंडासुद्धा कोमट व्हायचा. भिंतीला पाठ टेकवता येत नसे. मागच्या खोलीत वीज नव्हती. पुढच्या घरातून एक वायर ओढली असती तर झालं असतं, पण नानांनी मोठीमायकरवी निरोप दिला की मीटरवर लोड येतो. तसंही दिवसा आठ-आठ तास लाईट नसायची, म्हणून आम्ही फार मनाला लावून घेतलं नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात मामा आला. मामा शिरपूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. बोलायला मऊ, भित्रा म्हटलं तरी चालेल. शिरपूरहून धुळ्याला आणि धुळ्याहून पुढे अशा दोन बस बदलून, उभ्या उभ्या, गोधडीत गुंडाळलेलं एक मोठं पाटीसारखं काहीतरी छातीशी धरून तो आला होता. मला वाटलं, मायसाठी आरसा आणला. गोधडी सोडली तर आतून निळी काच निघाली. दुसऱ्या पिशवीत प्लॅस्टिकचा पंखा होता, स्टुलावर ठेवायचा.

"हाई सोलर शे," मामा म्हणाला. "ऊन पडनं का पंखा फिरस. लाईटनी गरज नही."

"आनि रातले?" मी विचारलं.

"रातले आंगनमां झोपो. बॅटरी पुढला सालले लयसू."

मामाने पत्र्यावर चढून लोखंडी पट्ट्यांवर पॅनल बसवलं, पत्र्यापासून वीतभर वर. वायर खिडकीतून आत घेतली. पंखा एकदम फिरायला लागला. माय त्याच्यासमोर बसली, पदर बाजूला झाला तरी तिने सावरला नाही. वडील गेल्यानंतर तिचा चेहरा असा सैल पडलेला मी पहिल्यांदा पाहिला.

त्या पंख्याची एक गंमत होती. जितकं ऊन कडक, तितका तो जोरात फिरे. सकाळी आळसावलेला, बाराला भन्नाट. एखादा ढग आडवा आला की पाती मोजता यावीत इतका मंद व्हायचा आणि ढग सरकला की पुन्हा वेग घ्यायचा. मी अभ्यास करता करता पंख्याच्या आवाजावरून आभाळ ओळखायला शिकले. माय शेतातून अकराला यायची, भाकरी टाकायची आणि पंख्यासमोर आडवी व्हायची. मी तिला विचारायचे, "कसं वाटस?" ती डोळे न उघडता म्हणायची, "गुमान बस. वारा जाऊ नको देऊ."

हे आठवडाभर चाललं असेल.

एका दुपारी गावात लाईट गेलेली असताना नाना आमच्या दारात येऊन उभे राहिले. आम्ही राहायला गेल्यापासून त्या खोलीत ते कधी आले नव्हते. माय घाईने उठून कोपऱ्यात तोंड फिरवून उभी राहिली. नाना पंख्यासमोर उभे राहिले, सदऱ्याची बटणं सोडली, वारा आत घेतला.

"गार शे," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी गावातला वायरमन आला. त्याने आमच्या खिडकीतली वायर काढून घेतली, तिला जोड दिला आणि अंगणावरून पुढच्या घरात नेली. मोठीमाय पंखा उचलायला आली.

"दुपारपुरता लई जास," ती म्हणाली. "त्यासले झोप लागत नही. तुम्ही काय, सवय शे तुम्हले."

मी मायकडे पाहिलं. तिने पंख्याच्या जाळीवर अडकलेला एक धागा काढला आणि पंखा स्वतःच मोठीमायच्या हातात दिला. ऊन असेपर्यंतच चालणारा पंखा दुपारपुरता नेला म्हणजे काय, हे मला तेव्हाच कळत होतं. संध्याकाळी मोठीमाय तो परत आणून द्यायची. मग तो खुंटीखाली रिकामा बसायचा. काही दिवसांनी परत आणणंही बंद झालं.

पॅनल मात्र आमच्याच पत्र्यावर राहिलं, आणि ते पुसायचं काम मायकडे आलं. उन्हाळ्यात आमच्याकडे धूळ अशी उडते की सकाळी पुसलेली काच दुपारी मातकट होते. पंखा मंदावला की पुढच्या घरातून हाक यायची, "पाटी पुसा वो!" मग माय तापलेल्या पत्र्यावर पायाला फडकी बांधून चढायची. मी खालून ओलं फडकं द्यायचे. वर तिने काच पुसली की पुढच्या खोलीत पंख्याचा आवाज वाढलेला आम्हाला खाली ऐकू यायचा.

त्याच दिवसांत मायच्या एक गोष्ट लक्षात आली. पॅनल पत्र्याच्या वर होतं, त्यामुळे त्याच्याखालच्या पत्र्यावर सावली पडत होती. तेवढाच तुकडा कमी तापायचा. खाली जमिनीवर त्याच्या बरोबर खाली झोपलं तर डोक्याला झळ कमी लागायची. बाज हलवून आम्ही तिथे नेली. एका बाजेवर दोघी, डोकी एका टोकाला. सूर्य सरकला की बाजही जरा सरकवायची. पंखा नसला तरी त्याची सावली आम्हाला मिळाली होती, आणि माय त्यावरही खूश होती. ती बाई किती थोडक्यात खूश व्हायची हे आठवलं की आजही मला तिचा राग येतो.

मोठीमाय मीठ मागायला आली आणि तिने ते पाहिलं. बाज खोलीच्या मधोमध का ठेवली हे तिने मला विचारलं आणि मी मूर्खासारखी खरं सांगून बसले. ती हसली. चांगली खळखळून हसली.

"बठ्ठं घर तापस आनि या राण्या सावलीमां!"

चार-दोन दिवसांत नानांनी ठरवलं की पत्र्यावर पॅनल तापतं आणि पावर कमी देतं, म्हणून ते स्लॅबवर हवं. मामाने ते खालून वारा खेळावा म्हणूनच वीतभर वर बसवलं होतं, हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं. पॅनल उतरवायला माणूस बोलावला नाही. मायने आणि मी ते उतरवलं. मायने पत्र्यावरून खाली दिलं, मी धरलं, दोघींनी जिना चढून स्लॅबवर नेलं. नाना जिन्याच्या पायरीशी खुर्ची टाकून बसले होते. "काच सांभाळो," एवढंच ते मध्ये मध्ये म्हणत होते.

त्या मे महिन्यात दुपारी आम्ही कुठे जायचं, हा प्रश्नच होता. पुढच्या ओट्यासमोर कडुनिंब होता, पण तिथे नाना आणि त्यांची माणसं बसत. एकदा माय निंबाखाली टेकली होती तर मोठीमायने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बिननवरानी बाई, रस्तावर आडवी पडनी. लोके काय म्हनतीन?" त्यानंतर माय तिकडे फिरकली नाही. मी शेजारच्या अक्काकडे जाऊन बसायचे. अक्का म्हातारी होती, तिच्या मुलाची रिक्षा होती. तिचं घर मातीचं आणि थंड होतं. मायला मी कितीदा चल म्हटलं. "दिवसाढवळ्या दुसराना घरमां कशी पडू?" म्हणायची आणि खोलीत राहायची.

तो दिवस मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतो. माय दुसऱ्याच्या शेतात कापसाच्या पऱ्हाट्या उपटायला गेली होती. नेहमीपेक्षा उशिरा आली. मी अक्काकडून परत आले तर ती बाजेवर बसलेली, पाय खाली सोडून. मी हात लावला तर अंग चुलीसारखं, आणि कोरडं. घामाचा थेंब नाही. ती माझ्याकडे पाहून वडिलांशी बोलत होती. "बैल सोडा ना," म्हणाली. आमचे बैल केव्हाच विकले होते.

मी पुढच्या घरात पळाले. नाना पलंगावर झोपले होते. आमचा पंखा उशाशी स्टुलावर होता आणि बाहेर इतकं ऊन होतं की तो थरथरत फिरत होता. मोठीमाय दारात गहू निवडत बसली होती.

"मायले काय तरी व्हयनं," मी म्हटलं. "पंखा द्या. थोडा टाईम द्या."

"हळू बोल," मोठीमाय म्हणाली. "आत्ते झोप लागेल शे त्यासले."

"ती बरळी ऱ्हायनी!"

"पानी पाज तिले. उन्हातून उनी म्हनजे असंच व्हस."

मी पंख्याकडे हात केला. मोठीमायने सुपातून हात काढून माझं मनगट धरलं. गव्हाच्या भुशाने तिचे हात खरखरीत झाले होते. तिने जोरात धरलं नव्हतं. रागातही नव्हती ती. "त्यासनी झोप मोडी," तिने मला समजावून सांगितलं, जणू मला ते माहीत नसावं. नानांनी कूस बदलली. त्यांचे डोळे उघडे होते. मी ते पाहिले आणि त्यांनी मला पाहिलं. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मी अक्काकडे ओरडत गेले. अक्काने येऊन हंडाच मायच्या अंगावर ओतला, लुगडं भिजवून तिच्यावर टाकलं आणि मुलाला रिक्षा लावायला सांगितली. मायला उचलून नेताना नाना ओट्यावर आले होते.

"काय व्हयनं?" त्यांनी अक्काला विचारलं.

"मरी ऱ्हायनी," अक्का म्हणाली.

"ढोंग शे. काम टाळाले."

चाळीसगावच्या दवाखान्याने आम्हाला धुळ्याला पाठवलं. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात मायला बर्फाच्या पिशव्या लावल्या. मामा शिरपूरहून आला. तो मायच्या पायाशी बसून रडायचा आणि नर्स आली की डोळे पुसायचा. माय जगली. पण ताप मेंदूत चढला होता, असं डॉक्टर म्हणाले. ती शुद्धीवर आली तेव्हा तिची जीभ जड झालेली होती. शब्द ओले होऊन एकमेकांना चिकटल्यासारखे निघायचे. चालतानाही तोल जायचा, दारू प्यालेल्या माणसासारखा. डॉक्टर म्हणाले, काहींचं हळूहळू सुधारतं. मायचं चालणं बरंच सुधारलं. बोलणं नाही.

घरी आलो त्या दिवशी मोठीमाय भेटायला आली. मायने तिला काही सांगायचा प्रयत्न केला. मोठीमाय ऐकत राहिली, मग पुढच्या घरात गेली, आणि थोड्या वेळाने तिकडून हसण्याचा आवाज आला. ती मायसारखं बोलून दाखवत होती. हुबेहूब. मी ओळखलं, म्हणजे मायनेही ओळखलं असणार.

मामाने आम्हाला शिरपूरला न्यायचं ठरवलं. सामान असं काही नव्हतंच. दोन ट्रंका, भांडी, माझी पुस्तकं. रिक्षा दाराशी आली तेव्हा माय उठली आणि भिंतीला हात लावत पुढच्या घरात शिरली. मी आणि मामा मागे गेलो. नाना जेवत होते. माय त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिने डोक्यावरचा पदर खाली सोडला.

"पंखा," ती म्हणाली. "मना... भाऊनी... दिना. माले."

आयुष्यात नानांशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. ते पूर्ण व्हायला इतका वेळ लागला की नानांनी मध्ये दोन घास खाल्ले.

"काय म्हनी ऱ्हायनी?" त्यांनी मोठीमायला विचारलं. त्यांना कळलं होतं.

"पंखा मांगी ऱ्हायनी," मोठीमाय म्हणाली.

"घर मनं, स्लॅब मना. स्लॅबवर शे ते कोनं?" नाना म्हणाले. मग मामाकडे वळून हसून, "पाव्हना, दिलेलं परत मांगतस का कोनी?"

मामा खाली मान घालून उभा राहिला. मला वाटलं होतं, तो काही बोलेल. "जाऊ दे ताई," तो मायला म्हणाला. "मी नवा लई देसू."

माय वळली आणि जिन्याकडे गेली. तिला चढताना पाहणं भयंकर होतं. प्रत्येक पायरीवर ती दोन्ही हात टेकायची. मी मागून कंबर धरून होते. वर गेल्यावर तिने पॅनलच्या पट्ट्या हलवून पाहिल्या. नुसत्या विटा ठेवून दाबल्या होत्या, नानांनी नीट बसवायचाही त्रास घेतला नव्हता. मायने विटा पायाने ढकलल्या. वायर ओढून तोडली. मला वाटलं, आता ती मला एक बाजू धरायला सांगेल, जसं वर आणताना सांगितलं होतं. तिने सांगितलं नाही. पॅनल उभं केलं, कठड्यापर्यंत सरकवत नेलं आणि खाली ढकलून दिलं.

अंगणात मोठा आवाज झाला. वरून पाहिलं तर काच फुटून उडाली नव्हती. सगळीकडे तडे जाऊन ती पांढरी पडली होती. नाना खरकट्या हाताने बाहेर आले. माय वरून त्यांच्याकडे पाहत होती. ती हसत होती, किंवा आजारानंतर तिचा ओठ एका बाजूला झुकत असे म्हणून मला तसं वाटलं. आम्ही खाली उतरलो, रिक्षात बसलो. नाना आम्हाला शिव्या देत होते, पण आमच्यामागे आले नाहीत. मामा संपूर्ण रस्ताभर म्हणत होता, "नही कराले पाहिजे व्हतं." माय बाहेर बघत बसली होती आणि मला ती खूप मोठी वाटत होती.

शिरपूरला आल्यावर महिन्याभरात अक्काचा मुलगा काही कामाने आला. त्याने सहज सांगितलं की नानांनी ते तडकलेलं पॅनल पुन्हा वर चढवलंय. तुटलेली वायर जोडून घेतलीय. काच फुटली तरी ते चालतं म्हणे. पहिल्यासारखं जोरात नाही, पण नानांच्या झोपेपुरता पंखा फिरतो.

मी मायकडे पाहिलं. ती भाजी निवडत होती. तिने निवडणं थांबवलं नाही. त्या रात्री मात्र ती जेवली नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही.

पुढचं सगळं साधंच आहे. मामाच्या घरी मामीची बोलणी खाऊन मी शिकले. आता जळगावला नोकरी करते, माय माझ्याजवळ असते. बाहेर कुठे काही विचारायचं असलं की ती माझ्या बाहीला धरते. दुकानदार तिच्या तोंडाकडे बघतात आणि उत्तर मला देतात.

मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून चुलतभावाचा, नानांच्या मुलाचा, फोन आला. नाना गेले.

"कशाना... गया?" मायने विचारलं.

"झोपेत. दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाहीत."

"झोप...मां?"

"हो."

संध्याकाळी तिने पुन्हा विचारलं, "झोपमां?" मी पुन्हा हो म्हटलं. तिला दुसरं काहीतरी ऐकायचं होतं.

दहाव्याला आम्ही गेलो. माय स्वतःहून निघाली, मी तिला अडवलं नाही. मोठीमाय भिंतीला टेकून बसली होती. तिने मायला जवळ ओढून गळा काढला. मायचे हात तिच्या पाठीवर गेले नाहीत. बायका भोवती बसल्या होत्या. त्यातल्या एकीने, लांबच्या नात्यातली होती, मायचा गुडघा थोपटत सगळ्यांना सांगितलं, "देवमाणूस होते हो. भाऊ गेला तर भावजयीला घराबाहेर काढलं नाही. आणि गावात कुणाकडे नव्हता तेव्हा तिच्या खोलीत सोलरचा पंखा बसवून दिला. ते स्वतः सांगायचे ना आम्हाला."

मायने मान वर केली. "त्यास्नी..." तिने सुरुवात केली. बायका थांबल्या. "त्यास्नी... मना..." तिची जीभ अडकली. गालाचा स्नायू उडायला लागला. मी वाट पाहत होते, तिला स्वतःला ते बोलू द्यावं म्हणून.

"हो ना बाई," ती नातेवाईक म्हणाली आणि तिचे डोळे पाण्याने भरले. "फार माया केली त्यांनी तुझ्यावर. समजलं आम्हाला. नको बोलू, त्रास होतो तुला."

सगळ्या बायकांनी माना हलवल्या. कुणीतरी मायला पाणी दिलं.

"तो पंखा माझ्या मामाचा होता," मी म्हटलं. "नानांनी हिसकावून घेतला. म्हणून माय अशी बोलते."

मोठीमायने हुंदका दिला, पहिल्यापेक्षा मोठा. मग त्याच बाईने मला हळू आवाजात समजावलं, "आजच्या दिवशी नाही गं बोलू असं. मेलेल्या माणसाबद्दल. शिकलेली ना तू?" आणि विषय तेराव्याच्या पुरणाच्या स्वयंपाकाकडे वळला.

परतताना धुळ्याच्या स्टँडवर बस बदलायची होती. माझ्या एका मैत्रिणीला काहीतरी पोचवायचं होतं, म्हणून आम्ही त्या वाटेने आलो होतो. बाकावर बसल्यावर माय बोलायला लागली. मी तिच्याकडे तोंड करून बसले, कारण गर्दीत तिचे शब्द पटकन हरवतात.

"मी... रोज म्हने," ती म्हणाली. "देवले. उन्हामां... मरू दे... त्याले. पानी पानी... करत."

"बरं," मी म्हटलं.

"झोपमां... मरना."

तिने मान हलवली, एखाद्या बाईने बाजारात माल वाईट निघाल्यावर हलवावी तशी. मी तिचं तोंड पुसलं. जळगावची गाडी फलाटाला लागली तेव्हा लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला लागले होते. मी मायचा हात धरला आणि आम्ही दोघी गर्दीत घुसलो.